पाच नव्या जागा आणि एक डावा बूट

चिंतामणरावांच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. त्यांच्या मागच्या सात पिढ्यांत कुणी गळ हातात धरल्याचंही ऐकिवात नाही. असा माणूस फेब्रुवारीतल्या एका दुपारी लोणंदच्या एका बर्फाच्या कारखान्यात, माशांच्या ओल्या टोपल्यांना खेटून, कानाला मफलर गुंडाळून, बर्फाच्या लादीकडे एकटक बघत उभा होता. आणि माणसाचं नशीब कसं असतं बघा, नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी क्षमाताई यांच्या भिशीतल्या एक बाई भाच्याच्या लग्नाला लागणारा बर्फ सांगायला तिथं आल्या. त्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, पुन्हा चिंतामणरावांकडे पाहिलं, आणि बर्फ न सांगताच साताऱ्याची एसटी पकडली. चिंतामणरावांनी त्यांना पाहिलंच नाही. ते वहीत लिहीत होते, ‘बर्फ. जाडी अंदाजे एक वीत. आरपार दिसत नाही.’

हे सगळं एका बुटामुळे झालं.

आदल्या दिवाळीत, म्हणजे त्र्याण्णव साली, चिंतामणराव आणि क्षमाताई सांगलीला अबोलीकडे गेले होते. अबोली म्हणजे क्षमाताईंची धाकटी बहीण. तिचा नवरा पुष्कर बँकेत अधिकारी. साडू साडूचं नातं मोठं गोड असतं असं म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा साडू नसावा. पुष्करने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता आणि त्यात मासे धरायच्या खेळाची कॅसेट होती. पडद्यावर तळं दिसायचं, हातातल्या खटक्याचं बटण दाबलं की गळ पाण्यात पडायचा. मासा लागला की सोडत-ओढत काठाला आणायचा, मग तो किती सेंटिमीटरचा ते आकड्यात दिसायचं. बाकीची अक्षरं चिनी होती की जपानी, यावर घरात दोन तट होते.

फराळाला जमलेल्या प्रत्येकाने काही ना काही धरलं. अबोलीच्या सत्तरीच्या सासूबाईंनीही डोळे मिटून वीतभर मासा काढला आणि लगेच हात धुतले. चिंतामणरावांनी मात्र सगळा जीव एकवटून ओढलं, तेव्हा पाण्यातून आला एक फाटका बूट. तसला बूट त्या खेळात तळाशी पडलेला असतो, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

"वा," पुष्कर म्हणाला. "पाटबंधारे खात्याचा माणूस पाण्यातून दुसरं काय काढणार?"

सगळे हसले. क्षमाताईही हसल्या, पण त्या लगेच थांबल्या. एवढ्यावर मिटलं असतं. पण भाऊबीज उरकून निघताना पुष्करने सगळ्यांसमोर चिंतामणरावांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि नारळाबरोबर रंगीत कागदात गुंडाळलेला स्वतःचा एक जुना काळा बूट दिला. डावा. साताऱ्याला परतताना एसटीत चिंतामणरावांनी तो बूट मांडीवर धरला होता. नारळाची चटणी झाली, शाल थंडीत कामाला आली. बूट क्षमाताईंनी माळ्यावर टाकला. चिंतामणरावांनी तो खाली काढला आणि शोकेसमध्ये, पंचवीस वर्षांच्या विनातक्रार सेवेबद्दल कचेरीने दिलेल्या घड्याळाशेजारी ठेवला. येताजाता दिसावा म्हणून.

जानेवारीत पुष्करचं पत्र आलं. त्याच खेळाची नवी कॅसेट सांगलीच्या दुकानात आली होती. मासे तेच, पण जागा नव्या, पाच. कॅसेटचं पाकीट त्याने फोडलेलं नव्हतं. ते गुढीपाडव्याला सगळ्यांसमोर फोडायचं, तिथंच खेळायचं, ज्याचा मासा सगळ्यांत मोठा तो जिंकला. पाकिटाच्या पाठीवर पाच जागांची पाच चित्रं होती, त्यांची झेरॉक्स सोबत जोडली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘बूट बरोबर आणावा. हरलात तर उजवाही देऊ, म्हणजे जोड पुरा होईल.’

चिंतामणरावांनी पत्र दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आवक-जावक आणि परवानगीचं टेबल सांभाळलं होतं. त्या काळात एका घड्याळाशिवाय त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. पण दोन्ही बूट घेऊन सांगलीच्या स्टँडवर उभं राहायचं, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. त्यांनी व्हिडिओ गेमचा जुना सेट आणि जुनी कॅसेट पैदा केली, आणि नवीकोरी फाईल उघडली. वर लिहिलं, ‘विषय: नवीन जागा, पूर्वतयारीबाबत.’ आत झेरॉक्स लावली. काठाला बोरूची बेटं असलेलं तळं, नदीवरचा पूल, धबधबा, बर्फाने गोठलेलं सरोवर आणि धरण.

शेजारचे नानासो सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. त्यांनी फाईल बघितली आणि मान हलवली. "कागदावर काय बघता? आधी रेकी करा रेकी. जिथं लढाई हाय तितली जमीन पायाखालनं गेली पायजे. आमी सिक्कीमला तेच केलं."

"तिथं मासे होते?"

"मासे नव्हते. पर रेकी केली."

हा सल्ला चिंतामणरावांना फार पटला, आणि इथंच सगळं बिघडलं. टीव्हीतल्या जागेची तयारी करायला प्रत्यक्ष जागेवर जायचं, हे खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसालाच सुचावं. स्थळपाहणी केल्याशिवाय तिथं खड्ड्याला खड्डा म्हणत नाहीत. पहिल्या रविवारी ते माहुलीच्या पुलावर गेले. तीन तास पाण्यात बघून त्यांनी लिहिलं, ‘पुलाच्या सावलीत म्हशी. मासे दिसले नाहीत.’ दुसऱ्या रविवारी ठोसेघर. फेब्रुवारीत धबधबा कुठला असायला? काळा कडा आणि त्यावरून एक ओली रेघ. ते दोन तास बसले आणि शेरा मारला, ‘पाणी नाही.’ बोरूच्या तळ्यात चप्पल रुतून राहिली, ती अजून तिथंच असावी. आता गोठलेलं सरोवर सातारा जिल्ह्यात मिळेना, तेव्हा नानासो म्हणाले, बर्फ तो बर्फ, कारखान्यात जाऊन बघा.

लोणंदहून चिंतामणराव शिंका देत घरी आले, तोवर बातमी सोसायटीत पोचून निवली होती. ते चोरून मासे खातात. साताऱ्यात जमत नाही म्हणून लोणंदला जातात. दर आठवड्याला जातात. समोरच्या काकूंनी हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं, पण ते देताना दारातूनच आत वास घेतला. दोन दिवसांनी अबोलीचा फोन आला, "ताई, भावजींना डॉक्टरांनी सांगितलंय का गं?"

चिंतामणराव वाफारा घेत होते. क्षमाताई समोर येऊन बसल्या.

"खरं सांगा. तिथं काय करत होता?"

"बर्फ बघत होतो."

"बर्फ."

"चौथी जागा."

क्षमाताईंनी वाफाऱ्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग शोकेसमधल्या बुटाकडे बघत म्हणाल्या, "बदनामी झालीच आहे. आता निदान एक मासा तरी नीट धरा. मोठा."

राहिलं होतं धरण. मेढ्याच्या अलीकडच्या धरणावर आकाराम नावाचा मासेमारीवाला होता. कचेरीत त्याचे कागद येत, म्हणून ओळख. चिंतामणरावांनी त्याला झेरॉक्स दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. आकारामने चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"म्हंजे मासं टीव्हीत हायत?"

"हो."

"आन शिकायचं हितं?"

"हो."

"मग बघून न्हाई व्हायचं सायेब. गळ हातात धराया लागंल. दोरीला हिसका बसला की मान्साला कळतं. चला, आत्ताच टाकू."

"आत्ता? परवाना कुठाय?"

"कसला परवाना? आवं तुमी खात्याचं मानूस."

"म्हणूनच," चिंतामणराव म्हणाले.

सोमवारी त्यांनी घरून अर्ज लिहून नेला आणि रीतसर आवक खिडकीत दिला. आवक खिडकीत तेच बसत. त्यांनी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि अर्ज स्वतःच्या परवानगीच्या टेबलावर अकरा कागदांच्या खाली ठेवला. त्याची पाळी आठव्या दिवशी आली. मधे कागद वर घ्यावा असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर रात्री झोप लागली नसती. आठव्या दिवशी अर्ज वाचता वाचता त्यांची भुवई वर गेली. परिपत्रकातला नियम तीन सांगत होता की जलाशयावर गळ टाकणाऱ्याने पोहता येत असल्याचा दाखला जोडावा. दाखला नव्हता. जोडणार कुठून, चिंतामणरावांना पोहता येत नव्हतं. त्यांनी त्रुटीचं पत्र केलं, जावक क्रमांक घातला आणि रजिस्टर पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवलं. हाताने नेता आलं असतं, पण हातोहात पत्र देण्याची पद्धत नव्हती.

पत्र चौथ्या दिवशी घरी आलं. क्षमाताईंनी सही करून घेतलं आणि दिवसभर पदराखाली ठेवलं, कारण त्यांना वाटलं बर्फाच्या प्रकरणावरून नोकरीच गेली.

धरणावर आकारामला हे सांगितलं, तेव्हा त्याने विडी विझवली. "तुमीच अर्ज केला?"

"हो."

"आन आडीवला कुनी?"

"मीच."

"आता तुमी तुमच्याच वळखीनं कुनाला तरी भेटा की."

"मी ओळखीने कामं करत नाही."

"व्हय, ते दिसतंय," आकाराम म्हणाला.

शेवटी वाट परिपत्रकातच सापडली. बारा वर्षांपूर्वी ते परिपत्रक चिंतामणरावांनी स्वतः टाईप केलं होतं. नियम नऊमध्ये म्हटलं होतं की जो इसम पाण्यात न उतरता काठावरूनच गळ टाकील आणि तसं लेखी देईल, त्याला दाखला लागणार नाही. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी अर्जदार म्हणून तसं उत्तर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ते वाचताना त्यांना मनापासून वाटलं की अर्जदार अभ्यासू दिसतो.

सही करताना साहेबांनी विचारलं, "हे नाव ओळखीचं वाटतंय. तुमचे कुणी लागतात का?"

"जवळचे आहेत," चिंतामणराव म्हणाले. "पण मी कामात आणलं नाही."

तेविसाव्या दिवशी ना हरकत दाखला हातात पडला. पाडव्याला तीन आठवडे उरले होते.

खरी शिकवणी तेव्हा सुरू झाली. रब्बीचं आवर्तन सुरू होतं, शेतीला पाणी सोडलेलं होतं. भिंतीच्या पायथ्याशी, दरवाजातून पाणी उसळत बाहेर पडायचं, पांढरा फेस व्हायचा. चिंतामणराव गळ घेऊन निघाले ते पुढच्या संथ डोहाकडे, जिथं मासे उड्या मारताना दिसत होते.

"तकडं न्हाई," आकाराम म्हणाला. "ज्यो उड्या मारतुया त्यो बारका. मोठा लय आळशी असतुया. फेस जितं संपतो ना, त्या कडंला गप बसून ऱ्हातो. वरनं काय व्हावून आलं की तोंड उघडायचं, मिटायचं. तुमच्या सायबावानी."

आकाराम गळाला गांडूळ लावायचा. चिंतामणरावांनी घरून कणकेच्या गोळ्या आणल्या होत्या. पहिल्या दिवशी हिसका बसला आणि त्यांनी जोराने ओढलं; दोरी तटकन तुटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आकारामने त्यांचं मनगट धरलं.

"तुमी कचेरीत कागद कसा ठेवता?"

"म्हणजे?"

"एकांदा तावातावानं आला, आरडाया लागला, तर काय करता?"

"काही नाही. बसा म्हणतो."

"मग ह्याला बी बसा म्हना. त्यो ओढतुया तवर सोडा. त्यो थांबला की जरा घ्या. ना हो म्हनायचं, ना न्हाई म्हनायचं. दमतोय की त्यो."

चिंतामणरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे त्यांना येत होतं. अठ्ठावीस वर्षं ते हेच करत आले होते, फक्त त्याला मासेमारी म्हणतात हे ठाऊक नव्हतं. पुढच्या हिसक्याला त्यांनी दोरी सोडली, थोडी घेतली, पुन्हा सोडली. पाऊण तासाने हातभर कटला काठाला आला आणि आडवा होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. चिंतामणरावांनी गळ हलकेच काढला, "माफ करा, तसदी दिली," असं म्हणाले आणि मासा पाण्यात सोडून दिला.

आकाराम पाण्याच्या कडेला धावला. "सोडला? सायेब, दोन किलोचा व्हता त्यो."

"माझं काम झालं होतं."

पाडव्याला सांगलीत गुढी उभारली, पूजा झाली, आणि श्रीखंडाचं भांडं घोंगड्यासारख्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून सगळी मंडळी टीव्हीपुढे बसली. चिंतामणरावांच्या पायाशी त्यांची कापडी पिशवी होती. पुष्करने टीव्हीवर उजवा बूट ठेवला होता. त्याला झेंडूचं एक फूल वाहिलेलं होतं.

पाकीट फुटलं. आधी पुष्कर खेळला. तळ्यात एकतीस, पुलाखाली चाळीस, धबधब्यात अठ्ठावन्न. बर्फात त्याची दोरी तुटली. धरणावर आल्यावर त्याने भर पाण्यात, जिथं सावल्या पळत होत्या तिथं गळ टाकला आणि खसाखसा ओढून बासष्टचा मासा बाहेर काढला. "बासष्ट," त्याने आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

चिंतामणराव बसले. पहिली जागा, बोरूचं तळं. गळ टाकला, ओढला, आणि वर आला बूट.

हसण्याचा असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरचे लोक चौकशीला आले. पुलाखाली बावीसचा मासा मिळाला. धबधब्याचं त्यांचं टिपण होतं ‘पाणी नाही’, आणि इथं तर पाणी असं कोसळत होतं की गळ दिसेना. बर्फाचं सरोवर समोर आलं आणि त्यांना लोणंदची आठवण होऊन नेमकी शिंक आली. बोट भलत्या बटणावर पडलं. चार जागा गेल्या. पुष्करने टीव्हीवरचा बूट उचलून फुंकर मारली.

पाचवी जागा उघडली. धरण.

चिंतामणराव पुढे सरकले. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, पायथ्याशी, चार पांढरे ठिपके लुकलुकत होते. बाकी कुणाला ते दिसले नसते. दिसले असते तरी कळले नसते. ‘रब्बीचं आवर्तन,’ ते मनाशी म्हणाले. आमिषांच्या चित्रांत त्यांनी गोल गोळी निवडली आणि ठिपके संपत होते तिथं गळ टाकला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

एक मिनिट गेलं. चार गेली.

"झोप लागली की काय?" पुष्कर म्हणाला.

"पुऱ्या लाटायला घेऊ का?" अबोलीने विचारलं.

तेवढ्यात दोरी ताणली. पडद्याच्या कडेची पट्टी लाल झाली. चिंतामणरावांनी बटण सोडून दिलं.

"ओढा की. अहो, ओढा. सुटेल."

"बसा म्हणतो," चिंतामणराव पडद्याकडे बघत म्हणाले. पुष्करला वाटलं आपल्याला म्हणाले, म्हणून तो खाली बसला.

मासा पळाला, त्यांनी पळू दिला. थांबला, त्यांनी एक बटण दाबलं, एकदाच. पुन्हा पळाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ना हो, ना नाही. कुणीतरी पुन्हा सल्ला द्यायला तोंड उघडलं, तशा क्षमाताई म्हणाल्या, "मधे बोलू नका. त्यांचं काम चाललंय."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्यांच्याविषयी कुणी बोललं नव्हतं. चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण तेव्हा मासा थांबला होता आणि थोडी दोरी घ्यायची होती.

विसाव्या मिनिटाला तो दमला. काठाला आला तेव्हा पडद्यात मावेना. वाजंत्री वाजली, चिनी की जपानी अक्षरं नाचायला लागली आणि खाली आकडा आला, सत्त्याण्णव. अबोलीच्या सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पुष्करला वाचून दाखवला.

चिंतामणराव उठले. पिशवीतून त्यांनी तीच शाल काढली आणि पुष्करच्या अंगावर घातली. नारळ दिला. मग डावा बूट दिला. साताऱ्याच्या चांभाराकडून त्याला नवा तळ लावून आणला होता, वर पॉलिश असं की त्यात गुढी दिसावी.

"डावा परत करतोय," ते म्हणाले. "उजवा तुमच्याकडे आहेच. जोड पुरा झाला."

पुष्कर दिलदारीत कमी नव्हता. त्याने दोन्ही बूट घातले आणि दिवाणखान्यात एक फेरी मारली. डावा चकाकत होता, उजव्याच्या टोकाला झेंडूची पाकळी चिकटली होती.

"उजवाही साताऱ्याला पाठवा," अबोली म्हणाली. "भावजी नीट करून देतील."

श्रीखंड वाढलं गेलं तेव्हा पुष्करने ताटावरून हळूच विचारलं, हे शिकलात कुठं? चिंतामणरावांनी लपवलं नाही. धरण सांगितलं, आकारामचं नाव सांगितलं, आणि गळ टाकायला परवाना लागतो तेही सांगितलं. साताऱ्यात परतल्यावर समोरच्या काकू स्वतःहून विचारायला आल्या, तेव्हा क्षमाताईंनी दार पूर्ण उघडून सांगितलं, "हो, धरला. सत्त्याण्णवचा. खात नाहीत हो, नुसते धरतात."

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिंतामणराव आवक खिडकीत टपाल फोडत होते. एका लिफाफ्यावर सांगलीचा शिक्का होता. आत सुवाच्य अक्षरात अर्ज होता. सदर जलाशयावर गळ टाकण्याची परवानगी मिळावी, अर्जदार पुष्कर, बँक अधिकारी. समासात शाईच्या पेनाने बारीक लिहिलं होतं, ‘तिसरी कॅसेट आलीय. सहा जागा.’

त्यांनी शिक्का मारला, क्रमांक घातला, अर्ज चौदा कागदांच्या खाली ठेवला आणि त्याची पाळी येईपर्यंत त्याला बोट लावलं नाही. पाळी आली तेव्हा तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन उघडून, अक्षर हलू न देता लिहिलं, ‘अर्जासोबत पोहता येत असल्याचा दाखला जोडलेला नाही.’

नियम नऊची आठवण करून द्यावी का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण अर्जदाराने नियम वाचलेले असतात, असंच खातं धरून चालतं. त्यांनी जावक क्रमांक घातला आणि पुढचा कागद घेतला.